माझा पट्टा, तिचं पान

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तोंड लपवायला नको. त्या पानाचं जे झालं ते माझ्यामुळे झालं. मुद्दाम केलं असं म्हणता येणार नाही, चुकून झालं असंही नाही. मी जळत होते आणि लॅपटॉप समोर होता.

आमचं ऑफिस कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्याला, टायरच्या दुकानाच्या वर. खालून ट्रेलर गेला की टेबलावरचा चहा हलतो आणि बोलणारा माणूस वाक्य अर्धं सोडून थांबतो. संघटना छोटी. तळोज्याच्या बाजूच्या गावांत, चाळींत, नव्या सोसायट्यांत दुपारी वारा फिरला की जो वास घरात शिरतो, त्याबद्दल तोंड उघडणारी माणसं, एवढीच आमची ओळख. ताई प्रमुख. शाळेतून रिटायर झालेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, शुद्धलेखनाची चूक दिसली की कपाळावर आठी. आणि मी त्यांची पत्रकवाली.

ही पदवी मी कमावलेली होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून मी पत्रकं लिहिली, छापून आणली, नाक्यावर उभी राहून वाटली. पनवेलच्या ज्या छापखान्यात जायचे तिथल्या काकांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या. एक, कागद रिकामा सोडायचा नाही. रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेला कागद. दोन, दोन रंगांत छापायचं तर लाल आधी, काळा नंतर. डाव्या कडेला लाल पट्टा मारून घ्यायचा आणि मजकूर त्याच्या आधाराने उभा करायचा. गावोगाव आमच्या पत्रकाला नावच पडलं होतं, लालपट्टी. "लालपट्टी आली काय गो?" असं बायका मला रस्त्यात अडवून विचारायच्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यासुद्धा. लाल दिसला की आपल्या माणसांचा कागद, हे त्यांना पाठ झालं होतं, आणि ते मी केलं होतं. मी!

वेबसाइटही मीच केली. तयार साच्याची, नुसते रकाने भरत जायचे. पण त्यात एक रिकामी चौकट असते. तिथे आपले नियम लिहिले की पान आपल्यासारखं दिसायला लागतं. ते नियम लिहायला मी तीन आठवडे डोकं फोडून शिकले. डावीकडे लाल पट्टा. डाव्या कडेला एक हात, बोटाने उजवीकडे दाखवणारा. फॉर्मच्या तळाशी दोन बटणं, 'पाठवा' आणि 'पुसा'. डावीकडच्या 'पाठवा'खाली लाल रंग आणि शेजारी तो हात, इथे दाबा म्हणून. खरं तर बटणाला स्वतःचा रंग नव्हताच. छापखान्याची सवय, आधी ओळीच्या डाव्या अर्ध्यावर लाल ओतला, मग त्यावर बटणं ठेवली. माझ्या नियमांत 'डावीकडे' हा शब्द किती वेळा येतो याचा मी कधी विचारच केला नव्हता. पान दुसऱ्या बाजूनेही सुरू होऊ शकतं, हे डोक्यात यायला तसं वाचणारं कुणीतरी भेटावं लागतं.

ती भेटली.

झालं असं की एका रसायनाच्या कारखान्याला आणखी एक युनिट टाकायचं होतं. त्यासाठी जनसुनावणी लागली. लोकांच्या लेखी हरकती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सरकारी कचेरीत पोचायला हव्या होत्या; आमच्या पानावर आलेल्या आम्ही तिकडे पुढे पाठवणार होतो. ज्याची हरकत लेखी नाही त्याला वास आलाच नाही, असा तिथला न्याय. ताई म्हणाल्या, "तळोज्यात कितीतरी घरं उर्दू वाचणारी आहेत. मराठी फाडफाड बोलतात, पण लिहायला सांगितलं की गप्प होतात. आपलं हरकतीचं पान उर्दूत पाहिजे." आणि दुसऱ्या दिवशी त्या तिला घेऊन आल्या.

ती तळोजा गावातली. घर पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच, शाळा उर्दू, कॉलेज माझ्यासारखंच. बेलापूरला एका ऑफिसात वेबसाइटचंच काम करायची, पगारावर. मी जे तीन आठवड्यांत डोकं फोडून शिकले ते हिच्या बोटांत होतं. हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आम्ही भाषांतराचं बटण दाबून बघितलं. मजकूर उर्दूत आला, उजव्या कडेला जाऊन उभा राहिला, आणि माझं सगळं रूप गळून पडलं. पट्टा नाही, हात नाही, लाल नाही. सरकारी नोटिशीसारखं करडं पान.

"असंच होतं," ती म्हणाली. "भाषांतराच्या पानाला तुझे नियम लागत नाहीत. परत द्यावे लागतात."

"मग दे."

"देते. पण अगं, हे आधी ऐक." तिने वरच्या मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "मशीनने काय लिहिलंय माहितीय? 'हरकत दर्ज करें.'"

"बरोबरच आहे की. हरकत नोंदवा."

ती खुर्चीत मागे रेलून हसायला लागली. "आमच्याकडे हरकत म्हणजे चाळे! चला मोहल्लेवाल्यांनो, आपापले चाळे नोंदवा, असं लिहिलंय तुझ्या पानावर. येतील गं लोक, रांग लागेल, पण भलतंच काहीतरी नोंदवतील."

ताई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मी नाही हसले. इतकी वर्षं तो शब्द मी पत्रकाच्या डोक्यावर छापत होते.

"मग काय लिहायचं?" मी विचारलं.

"एतराज," ती म्हणाली, आणि लिहूनही मोकळी झाली.

दोन दिवसांनी तिने स्वतः रूप दिलेलं उर्दू पान दाखवायला आणलं. आता हे मला नीट सांगितलं पाहिजे. आपली अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असतात, दोरीवर कपडे घातल्यासारखी. तिची अक्षरं उतारावरून धावत आल्यासारखी उजवीकडून डावीकडे खाली यायची, एकमेकांच्या अंगावर रेलायची, आणि शेवटी एखादं ऐटीत लांब पसरायचं. दोन ओळींमध्ये तिने एवढी जागा सोडली होती की मी त्यात आख्खी मागणी क्रमांक चार बसवली असती. लाल नव्हताच कुठे. नुसतं पांढऱ्यावर काळं. आणि ताई बघत राहिल्या.

"किती सुंदर आहे गं."

"ताई, तुम्हाला वाचता तरी येतं का?" मी म्हटलं.

"नाही. म्हणून तर नुसतं बघता येतंय."

माझ्या पानाला ताई आजवर काय म्हणाल्या होत्या? ठळक. स्पष्ट. एकदा 'कामाचं' म्हणाल्या होत्या, ते मी महिनाभर मिरवलं. सुंदर हा शब्द त्यांच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. मग चहा आला. ऑफिसात कान शाबूत असलेला कप एकच, तो कायम माझ्यापुढे यायचा. ताईंनी तो उचलून तिच्यापुढे ठेवला. पाहुणी आहे म्हणून ठेवला असेल. मला हे तेव्हाही कळत होतं. कळल्याने काही फरक पडत नाही.

घरी जाऊन आईपुढे भडभडा ओकले. आई कोळंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तिचा पान चांगला झाला, तुझा काय गेला त्यान?" मी तिच्या शेजारी बसून कोळंबी सोलायला घेतली.

पण ऑफिसात माझ्याकडे मुद्दा होता. पत्रकवालीकडे मुद्दा नेहमी असतो. "आपला लाल पट्टा कुठाय?" मी तिला विचारलं. "लोक आपल्याला लालने ओळखतात. हे पान कुणाचंही वाटतंय."

"घालायचाय ना," ती म्हणाली. "पण उजवीकडे घ्यावा लागेल. तुझे नियम बघितले मी. सगळीकडे डावीकडे, डावीकडे. त्याच्याऐवजी 'सुरुवातीला' असं लिहूया. म्हणजे मराठी पान डावीकडून सुरू होतं तर पट्टा डावीकडे, उर्दू उजवीकडून सुरू होतं तर उजवीकडे. आपोआप. दोन दिवस दे, ऑफिसमधून सुटले की करते."

"माझ्या नियमांना हात लावायचा नाही."

"अगं, हात नाही लावला तर हलणार कसं?"

ताई मध्ये पडल्या. "दोन्ही पानं एकाच घरची दिसली पाहिजेत, एवढं बघा. आणि आपसात डावं-उजवं करू नका."

त्यांना म्हणायचं होतं, भेदभाव करू नका. तिने माझ्याकडे बघून ओठ दाबले, हसू आवरायला. मी तोंड फिरवलं. कुठेतरी मलाही हसू येत होतं आणि त्याचा जास्तच राग आला.

मंगळवारी सकाळी ती बेलापूरला आणि ताई कुणाच्या तरी मुलीला शाळेत प्रवेश मिळवून द्यायला गेलेल्या. ऑफिसात मी एकटी. मी माझे सगळे नियम उचलले आणि जसेच्या तसे उर्दू पानावर नेऊन टाकले. नियमाच्या शेपटाला 'महत्त्वाचं' अशा अर्थाचा एक शब्द जोडता येतो. तो जोडला की बाकीचे सगळे नियम गप्प बसतात, तिने लिहिलेले असले तरी. मी प्रत्येक ओळीला तो जोडला, जशी पत्रकात प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्हं द्यायचे. ओळींमधली तिची ऐसपैस जागा आवळून टाकली. रिकामी जागा म्हणजे फुकट गेलेला कागद. वेबसाइटवर कागद नसतो हे मला माहीत होतं, तरीही.

पट्टा आला. लाल आला. हात आला. मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं, पण पान माझं दिसत होतं. तिला मेसेज टाकला, "रूप मी लावलंय, तू टेन्शन घेऊ नको." तिच्याकडे कामाचा ढीग होता. तिने नुसता अंगठा पाठवला. दुपारी आम्ही पानाचा पत्ता सगळ्यांना पाठवून दिला.

गुरुवारी ताईंनी आलेल्या हरकती उघडल्या. मराठीतून येत होत्या, धडाधड. उर्दूतून एकही नव्हती.

आणि मला आनंद झाला. लिहूनच टाकते. कारखान्याचं युनिट, वास, माणसांच्या छात्या, ज्याच्यासाठी मी एवढा घसा फोडते ते सगळं एका बाजूला, आणि त्या रिकाम्या यादीने मला बरं वाटलं. सुंदर पान, आणि कुत्रं फिरकलं नाही!

संध्याकाळी ती आली. यादी बघून तिचा चेहरा उतरला. ताई म्हणाल्या, "राहू दे गं. लोकांची तयारी नसेल अजून."

"असं कसं? माझ्या खालाने आजच दुपारी पाठवलंय. फोन करून सांगितलं मला."

"पान बघत बसल्या असतील," मी म्हटलं. "इतकं सुंदर आहे, लिहायचं विसरल्या असतील."

खालून ट्रेलर गेला. तो पूर्ण जाईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "उद्या सकाळी माझ्याबरोबर चल. तूच विचार खालाला."

शुक्रवारी तिने सुट्टी टाकली. शेअर रिक्षाने आम्ही तळोज्याला गेलो. खाला म्हणजे तिच्या आईची बहीण. शिलाईचं काम करते, नवऱ्याला दम्याचा त्रास. दारातच मशीनवर बसली होती. मला बघून उठली.

"आओ, आओ. तू लालपट्टीवाली ना?"

मी चाट. "तुम्ही मला ओळखता?"

"तू नाक्यावर देतेस ना कागद. मराठी लिखा हुआ मुझे कहाँ पढ़ना आता है. पण लाल बघितला की समजते, अपने लोगों का है." तिने मोबाइल काढला. "इसमें भी लाल देखा, तो झट लिख दिया. नहीं तो मैं किधर भी ऐसे थोड़ी लिखती हूँ."

"खाला, कैसे भेजा, जरा दिखाओ ना," ती म्हणाली.

खालाने चष्मा लावला. पान उघडलं. एका बोटाने, अक्षर निवडून निवडून, दोन ओळी लिहिल्या. "फिर ये लाल दबाया," ती म्हणाली. "हाथ भी उधरच दिखाता है." आणि दाबलं. चौकट पांढरी झाली.

"देखो. गया."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. उर्दू पानात बटणांनी आपल्या जागा आपापल्या बदलल्या होत्या; ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणून 'पाठवा' उजवीकडे गेलं आणि 'पुसा' डावीकडे आलं. फक्त माझा लाल आणि माझा हात तेवढे डावीकडेच खिळून राहिले होते. 'महत्त्वाचं' म्हणून खिळे ठोकलेले. माझं बोट 'पुसा'कडे दाखवत होतं.

"खाला, पढ़ा नहीं क्या, बटन पे क्या लिखा है?" तिचा आवाज अगदी हळू झाला होता.

"पढ़ूँ कैसे? देख, नुक्ते सब कटे हुए हैं."

खरंच कटे हुए. मी ओळ आवळली तेव्हा अक्षरांचे खालचे ठिपके कापले गेले होते, आणि उर्दूत 'भेजें' या शब्दाचे सगळे ठिपके खालीच असतात. हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त खालाला समजावत होती, की गेलं म्हणजे आमच्याकडे आलं नाही. पुसलं गेलं. कालचंही.

"मिट गया? पूरा?" खाला कधी मोबाइलकडे बघे, कधी तिच्याकडे. "दोपहर भर लिखी थी मैं. बाजूवालियों से भी लिखवाया. उनका भी?" मग एकदम चिडली. "ये किसकी हरकत है?"

माझी मान आपोआप तिच्याकडे वळली. तिचीही माझ्याकडे. हसू कुणालाच आलं नाही.

"माझी," मी म्हटलं.

तिने खालाला भाषांतर करून सांगितलं नाही. गरज नव्हती. मला म्हणाली, "लॅपटॉप काढ."

खालाच्या शिलाई मशीनच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून आम्ही बसलो. मी माझे नियम एकेक वाचून दाखवत होते आणि ती बदलत होती. "पट्टा, डावीकडे." "सुरुवातीला. पुढे?" "हात, डावीकडे." "सुरुवातीला. आणि हात उलटा फिरव, नाहीतर भिंतीकडे दाखवेल." "बटणाची ओळ, डावा अर्धा लाल." "अगं बाई, रंग बटणाला दे ना, ओळीला काय देतेस?" शेवटी ते सगळे 'महत्त्वाचं' आम्ही पुसत गेलो. ती ओरडायलाच लागली. "किती ठिकाणी लावलंयस?" "सगळीकडे." "शाबास." तासाभरात झालं. मला दोन दिवस म्हणाली होती, त्यातला निम्मा वेळ माझी समजूत काढायला ठेवला असणार.

मग तिने पान परत उघडलं. पट्टा उजव्या कडेला सरळ उभा, त्याच्या अंगाला लागून तिची अक्षरं उतरत गेलेली, ओळींमध्ये पुन्हा मोकळी जागा, आणि त्या जागेत एकेक ठिपका पूर्ण. लाल 'भेजें'खाली. माझा लाल तिच्या पानावर माझ्या पानापेक्षा चांगला दिसत होता. तेवढ्यातही मी जळले. म्हणून म्हणते, हे पश्चात्तापाने वगैरे जात नाही.

खाला बाजूच्या बायकांना बोलवून आली. कुणी उभ्यानेच लिहिलं, कुणी पोळ्या टाकून आली. एकीने मला ऐकवलं, "इस बार पक्का जाएगा ना, कि फिर से हाथ की सफाई?" मी खाली बघून हो म्हटलं. ऑफिसातून ताई फोनवर सांगत होत्या, एक आली, अजून एक आली. "अगं काय झालं होतं?" त्यांनी विचारलं तेव्हा फोन तिच्या हातात होता. तिने तो माझ्याकडे दिला. मी सगळं सांगितलं. ताई म्हणाल्या, "पाच वाजायच्या आत पाठवा सगळ्यांच्या." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सगळ्यात शेवटी खालाने लिहिलं. चार ओळी. पाठवलं, या वेळी गेलं, ऑफिसातून पोचल्याची पावतीही आली. मोबाइल बाजूला ठेवून तिने पुन्हा मशीनखाली कापड सरकवलं.

"पहले वाला अच्छा था," ती म्हणाली.

"कालच्यात अजून काय होतं, खाला?" मी विचारलं. "मला सांगा. मी लिहून घेते. मराठीत पाठवू."

"इनका लिखा था. लेट नहीं सकते, तो कुर्सी पे बैठ के सोते हैं. कैसे सोते हैं, वो सब लिखा था." तिने सुईत दोरा ओवला, दात लावून तोडला. "कल लिखने बैठी तो आ गया था. आज नहीं आता."

मी वही उघडून बसले होते. मशीन सुरू झालं.

उर्दू पान आता तीच बघते, मराठी मी. तिच्या कामाला ताई अजून सुंदर म्हणतात आणि मी अजून ऐकून घेते, दातओठ खाऊन. कान शाबूत असलेला कप आम्ही आळीपाळीने घेतो. मी फक्त एक गोष्ट केली, त्याच संध्याकाळी, कुणाला न विचारता. 'पुसा' हे बटण काढून टाकलं. दोन्ही पानांवरून.